नाशिकमध्ये एफवायबीएस्सीला केमिस्ट्री घेताय? पहिल्या वर्षाची तयारी अशी करा

बारावीपर्यंतची केमिस्ट्री आणि कॉलेजातली केमिस्ट्री यांत मोठा फरक प्रयोगशाळेत पडतो. बारावीत प्रॅक्टिकल उरकलं जातं. इथे ते दर आठवड्याला होतं, तपासलं जातं आणि त्याचे वेगळे क्रेडिट असतात. बरेच जण थिअरी पाठ करतात, प्रॅक्टिकलचं जर्नल मित्राकडून उतरवतात आणि ऑर्गॅनिक अवघड आहे असं म्हणत वर्ष काढतात. प्रत्यक्षात एकाच गोष्टीच्या या दोन बाजू आहेत. वर्गात शिकवलेला आम्लतेचा क्रम परीक्षानळीत बुडबुडे येतात की नाही ते ठरवतो. हा सांधा पहिल्या सत्रात जुळला तर पाठांतर निम्म्यावर येतं. पुढच्या पायऱ्या त्याच हिशोबाने लावल्या आहेत.

१. पहिल्या आठवड्यातली कामं

कॉलेज रोडचं आरवायके असो, गंगापूर रोडचं केटीएचएम असो की तालुक्याचं कॉलेज, सर्वांत आधी सिलॅबसची प्रत मिळवा. ती सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या संकेतस्थळावर असते. कॉलेज स्वायत्त असेल तर त्याच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहा. वरच्या वर्गाच्या मुलांकडून जुनी पुस्तकं घेण्याआधी पॅटर्न कोणत्या वर्षीचा आहे ते जुळवून बघा. पॅटर्न बदलला की धड्यांची नावं तीच दिसतात, पण अर्धे प्रयोग बदललेले असतात.

कागदपत्रांची एक फाईल करून ठेवा: दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँक पासबुकाची प्रत, पासपोर्ट आकाराचे फोटो, आणि लागू असेल त्यांनी जातीचा दाखला, जात पडताळणी, नॉन-क्रिमिलेअर, उत्पन्नाचा दाखला. शाळा सोडल्याचा मूळ दाखला कॉलेजात जमा होतो, म्हणून आधी त्याच्या तीन-चार झेरॉक्स काढा. शिष्यवृत्तीचा अर्ज महाडीबीटीवर भरायचा असतो आणि तिथे अर्ज अडतो तो बहुतेक उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपल्यामुळे किंवा बँक खातं आधारला जोडलेलं नसल्यामुळे. ही दोन कामं जूनमध्येच उरका.

दिंडोरी, निफाड, सिन्नरहून रोज ये-जा करणाऱ्यांनी बोनाफाईड घेऊन एसटीचा पास काढावा आणि प्रॅक्टिकलची बॅच लागताच शेवटच्या सोयीच्या गाडीची वेळ पाहावी. प्रॅक्टिकल तीन-चार तास चालतं. बॅच बदलून हवी असेल तर यादी लागल्या लागल्या विभागप्रमुखांना भेटा, नंतर रोल नंबरांचा घोळ होतो म्हणून कुणी बदलून देत नाही.

शाळा मराठी माध्यमाची असेल तर एक छोटी वही दोन रकान्यांची करा. डावीकडे पुस्तकातला इंग्रजी शब्द देवनागरीत, उजवीकडे ओळखीचा: व्हॅलन्सी – संयुजा, प्रेसिपिटेट – साका, सोल्युबिलिटी – विद्राव्यता. दोन महिन्यांत ती वही लागेनाशी होते.

२. काय घ्यायचं आणि काय नाही

पांढरा सुती ॲप्रन, लांब बाह्यांचा. टेरिलीन घेऊ नका, ठिणगी पडली तर ते वितळून कातडीला चिकटतं. प्लास्टिकचा सेफ्टी गॉगल. चष्मा असला तरी त्यावर बसेल असा. साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर. प्रोग्रॅम भरता येणारे मॉडेल परीक्षेत चालत नाहीत. सुती फडकं, काचेवर लिहिणारा मार्कर, काड्यापेटी. पायात बंद बूट, चप्पल नको. केस लांब असतील तर बांधूनच आत जायचं.

ब्युरेट, पिपेट, परीक्षानळ्या विकत घ्यायची गरज नाही, त्या कॉलेज देतं. फुटलं तर भरपाई लागते, म्हणून काउंटरवरून घेतलेली प्रत्येक वस्तू तडा आहे का ते उजेडात पाहून घ्या आणि असेल तर तेव्हाच बदला.

३. मोल आणि द्रावणं

पहिल्या वर्षात अडणाऱ्यांपैकी बरेच जण खरं तर मोलपाशी अडलेले असतात. एक मोल म्हणजे ६.०२२ × १०²³ कण, हे सगळ्यांना पाठ असतं. पण २५० मिलिलिटर ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड करायला किती ग्रॅम घ्यायचे, असं विचारलं की पेन थांबतं. रेणुभार ४०, म्हणून एक लिटर एक मोलरला ४० ग्रॅम, ०.१ मोलरला ४. पाव लिटरला १ ग्रॅम. हा हिशोब सूत्र न लिहिता तोंडी जमेपर्यंत करा.

घरी द्राक्षबाग असेल तर सरावाला बोर्डो मिश्रण घ्या. एक टक्का बोर्डोला १०० लिटर पाण्यात १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १ किलो कळीचा चुना. मोरचुदाचा रेणुभार, त्यातल्या पाच पाण्याच्या रेणूंसह, सुमारे २४९.५. म्हणजे लिटरमागे १० ग्रॅम, आणि मोलॅरिटी साधारण ०.०४. चुना पुरेसा पडला का ते पाहायला बागेत लोखंडी विळा मिश्रणात बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर तांब्याचे आयन अजून मोकळे आहेत आणि लोखंड त्यांना विस्थापित करतंय. म्हणजे आणखी चुना हवा. रासायनिक क्रियाशीलतेची श्रेणी पुस्तकात येते ती हीच.

नॉर्मॅलिटी (लिटरमागे किती तुल्यभार) आणि मोलॅरिटी (लिटरमागे किती मोल) यांत गल्लत होते ती ऑक्झॅलिक आम्लाच्या वेळी. स्फटिकरूपात त्याचा रेणुभार १२६, पण ते दोन हायड्रोजन देतं, म्हणून तुल्यभार ६३. शंभर मिलिलिटर ०.१ नॉर्मलला ०.६३ ग्रॅम पुरतात आणि तेच द्रावण ०.०५ मोलर असतं. बाटलीवर ‘एन’ आहे की ‘एम’ ते वाचल्याशिवाय गणित सुरू करू नका.

४. टायट्रेशन

सोडियम हायड्रॉक्साइड कितीही काळजीपूर्वक तोललं तरी त्याच्या तोललेल्या वजनावर विश्वास ठेवता येत नाही. ते हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही ओढतं. म्हणून त्याचं द्रावण अंदाजे करायचं आणि नेमक्या तोललेल्या ऑक्झॅलिक आम्लाने त्याची खरी नॉर्मॅलिटी काढायची. क्रम असा:

ब्युरेट आधी पाण्याने आणि मग त्यात जे द्रावण भरायचं त्याच्याच पाच-पाच मिलिलिटरने दोनदा विसळा. पिपेटचंही तसंच. कॉनिकल फ्लास्क मात्र फक्त डिस्टिल्ड पाण्याने. फ्लास्क आम्लाने विसळला तर १० मिलिलिटरपेक्षा जास्त आम्ल आत जातं आणि रीडिंग वाढतं. ब्युरेट नुसत्या पाण्याने विसळली तर आतलं द्रावण पातळ होतं, रीडिंग तरीही वाढतं. रीडिंग सगळ्या बॅचपेक्षा वेगळं आलं की आधी इथे शोधा.

ब्युरेट भरल्यावर तोटी एकदा जोरात उघडून टोकातला हवेचा बुडबुडा काढा. तो टायट्रेशनच्या मध्येच सुटला तर अर्धा मिलिलिटर फुकट मोजला जातो. वरची फनेल काढून ठेवा, नाहीतर तिच्यात अडकलेला थेंब नंतर पडतो. पिपेट तोंडाने ओढू नका, रबरी बल्ब वापरा, आणि टोकाला राहिलेला शेवटचा थेंब फुंकून पाडू नका. तो धरूनच पिपेटवर खूण केलेली असते.

१० मिलिलिटर आम्ल, फिनॉल्फ्थॅलिनचे दोन थेंब, खाली पांढरा कागद. डाव्या हाताने तोटी, उजव्या हाताने फ्लास्क फिरवत राहायचा. पहिलं रीडिंग ढोबळ घ्या. दुसऱ्या वेळी शेवटचा एक मिलिलिटर थेंबाथेंबाने. फिका गुलाबी रंग अर्धा मिनिट टिकला की थांबा. नंतर तो उडाला तर घाबरू नका, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने तो उडतो. गडद गुलाबी झाला म्हणजे पुढे गेलात. ब्युरेट ०.१ मिलिलिटरपर्यंत वाचते, त्यामुळे सलग दोन रीडिंग ०.१ च्या आत जुळायला हवीत. समजा १०.४ आलं: ०.१ × १० ÷ १०.४ = ०.०९६२ नॉर्मल. उत्तर नेमकं ०.१ आणण्यासाठी रीडिंग बदलू नका. सरांना नॉर्मॅलिटी ०.१ नाही हे माहीत असतं.

पोटॅशियम परमँगनेटच्या टायट्रेशनमध्ये सवयी थोड्या बदलाव्या लागतात. रंग गडद असल्यामुळे द्रावणाची वरची कड वाचायची. ऑक्झॅलिक आम्ल ६० ते ७० अंशांपर्यंत तापवायचं, कारण थंडीत अभिक्रिया फार सावकाश होते. पहिले दोन-तीन थेंब तरीही रंग सोडायला वेळ घेतात. तयार होणारे मँगनीजचे आयनच पुढे अभिक्रियेला वेग देतात, तेवढा धीर धरा. आम्ल विरल सल्फ्युरिकच हवं. हायड्रोक्लोरिक घातलंत तर परमँगनेट क्लोराइडवरही खर्च होतं, आणि नायट्रिक स्वतःच ऑक्सिडीकारक आहे. फ्लास्कमध्ये तपकिरी गढूळपणा आला तर आम्ल कमी पडलंय किंवा परमँगनेट घाईने सोडलंय. ते टायट्रेशन टाकून द्या. मोहर सॉल्ट (फेरस अमोनियम सल्फेट) असेल तर मात्र तापवायचं नाही. गरम केल्यावर हवेतला ऑक्सिजनच फेरस आयनांना फेरिक करतो आणि रीडिंग कमी येतं.

५. ऑर्गॅनिक: बाण नीट काढा

ऑर्गॅनिकच्या वहीत अभिक्रियांची यादी करण्याऐवजी प्रत्येक अभिक्रियेसमोर एकच प्रश्न लिहा: इलेक्ट्रॉनची जोडी कुठून निघाली आणि कुठे गेली? वाकडा बाण नेहमी जोडीपासून किंवा बंधापासून सुरू होतो. धन आयनापासून बाण काढणं ही सर्वांत जास्त दिसणारी चूक आहे. हायड्रोजन आयनाकडे द्यायला इलेक्ट्रॉनच नसतात. प्रत्येक टप्प्यानंतर दोन तपासण्या करा: कुठल्या कार्बनला पाच बंध झालेत का, आणि बाणाच्या दोन्ही बाजूंचा एकूण प्रभार सारखा आहे का. या दोन तपासण्यांत बहुतेक चुका सापडतात.

प्रोपीनवर हायड्रोजन ब्रोमाइड घातला की २-ब्रोमोप्रोपेन मिळतं. नियमाचं नाव पाठ असतं, कारण विचारलं की अडतं. हायड्रोजन टोकाच्या कार्बनवर गेला तर मधल्या कार्बनवर धन प्रभार येतो, त्याला दोन्ही बाजूंच्या अल्किल गटांचा आधार मिळतो आणि तो जास्त स्थिर असतो. हीच स्थिरता पुढे एस-एन-१ मध्ये, म्हणजे दोन टप्प्यांच्या प्रतिस्थापनात येते: तृतीयक हॅलाइड आधी तुटतं, मग पाण्याशी जुळतं. प्राथमिक हॅलाइडला तो आधार नाही, म्हणून तिथे न्यूक्लिओफाइल (इलेक्ट्रॉनची जोडी देणारा कण) मागून धडकतो आणि जुना गट त्याच वेळी सुटतो, ते एस-एन-२. जलीय आणि अल्कोहोलिक पोटॅशियम हायड्रॉक्साइड यांत गोंधळ होत असेल तर उदाहरण २-ब्रोमोब्युटेनचं घ्या. पाण्यात मुख्यतः २-ब्युटॅनॉल, म्हणजे प्रतिस्थापन; अल्कोहोलमध्ये तापवलं की मुख्यतः २-ब्युटीन, म्हणजे विलोपन.

आता आम्लतेचे पाच आकडे भिंतीवर लावा. पीकेए लहान, तेवढं आम्ल तीव्र: बेन्झोइक आम्ल ४.२, ॲसेटिक ४.७६, कार्बोनिक ६.४, फिनॉल १०, इथेनॉल १६. मधला कार्बोनिकचा आकडा सगळ्यांत कामाचा आहे. त्याच्यापेक्षा तीव्र असलेलं आम्ल बायकार्बोनेटमधून कार्बन डायऑक्साइड हुसकावतं, म्हणजे बुडबुडे येतात. त्याच्यापेक्षा सौम्य असलेलं हुसकावू शकत नाही, म्हणून फिनॉल बायकार्बोनेटमध्ये गप्प बसतो आणि सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळतो. प्रॅक्टिकलमधला आम्ल, फिनॉल, बेस, उदासीन हा अख्खा तक्ता या ओळीतून निघतो. अपवादही त्यातूनच समजतो: पिक्रिक आम्ल नावाला फिनॉल आहे, पण तीन नायट्रो गटांमुळे ते इतकं तीव्र होतं की बायकार्बोनेटशी फसफसतं.

६. रेणू हातात घेऊन बघा

आर आणि एस, म्हणजे कार्बनभोवतीच्या चार वेगळ्या गटांची उजवी-डावी मांडणी, ठरवणं कागदावर जमत नसेल तर मॉडेल किटसाठी थांबू नका. हरभरे रात्रभर भिजवा आणि टूथपिक घ्या. हरभरा कार्बन, वाटाणा हायड्रॉक्सिल गट, मनुका कार्बोक्सिल गट, हायड्रोजनला टूथपिकचं मोकळं टोक. चार काड्या एका पातळीत न टोचता चारी दिशांना, १०९.५ अंशांच्या अंदाजाने टोचा. हरभरे वाळले की काड्या घट्ट बसतात.

पहिला रेणू टार्टारिक आम्लाचा करा, द्राक्षात असतं तेच. दोन हरभरे जोडून प्रत्येकाला एक वाटाणा, एक मनुका, एक मोकळं टोक. द्राक्षातला प्रकार २आर,३आर आहे आणि तो ध्रुवित प्रकाश उजवीकडे वळवतो. त्याचं आरशातलं रूप २एस,३एस करा, दोन्ही एकमेकांवर बसवून पाहा, बसत नाहीत. मग २आर,३एस करा. त्याचं एक अर्ध दुसऱ्याचं प्रतिबिंब असतं, म्हणून ते प्रकाश वळवतच नाही. हा मेसो प्रकार. लुई पाश्चरने १८४८ मध्ये टार्टारिक आम्लाच्याच एका क्षाराचे उजवे-डावे स्फटिक हाताने निवडून वेगळे केले होते. स्टिरिओकेमिस्ट्रीची सुरुवात सांगताना हे नाव हमखास येतं, आणि मॉडेल हातात घेतलेल्या विद्यार्थ्याला त्याने नेमकं काय केलं ते लगेच कळतं.

७. ऑर्गॅनिक पदार्थ ओळखणं

क्रम मोडू नका: रंग-वास-अवस्था, प्रकार (आम्ल, फिनॉल, बेस की उदासीन), मूलद्रव्यं, क्रियात्मक गट, द्रवणांक. सगळ्यांना द्रवणांकावरून थेट नाव गाठायचं असतं आणि तिथेच फसगत होते. बेन्झोइक आम्ल १२२ अंशांना वितळतं आणि बीटा-नॅफ्थॉलही १२२ ला. ॲसिटानिलाइड ११४ ला आणि मेटा-नायट्रोॲनिलिनही ११४ ला. पहिल्या जोडीत बायकार्बोनेट निर्णय देतं. दुसऱ्या जोडीत रंग: मेटा-नायट्रोॲनिलिन पिवळं आणि बेस, ॲसिटानिलाइड पांढरं आणि उदासीन. सॅलिसिलिक आम्ल, द्रवणांक १५८ च्या आसपास, आणखी एक चकवा: बायकार्बोनेटमध्ये बुडबुडेही देतं आणि फेरिक क्लोराइडने जांभळंही होतं. फक्त जांभळा रंग पाहून फिनॉल लिहिलंत तर गुण गेले. नायट्रोॲनिलिन सौम्य बेस असल्याने फार विरल हायड्रोक्लोरिकमध्ये नीट विरघळत नाहीत. आम्ल थोडं जास्त तीव्र घ्या, मगच उदासीन असा निष्कर्ष लिहा.

मूलद्रव्यांसाठी सोडियम फ्यूजन, म्हणजे लासेन चाचणी. या प्रयोगात घाई अजिबात चालत नाही. सोडियमचा मुगाएवढा तुकडा चिमट्याने घ्या, फिल्टर पेपरवर केरोसीन टिपा, हात लावू नका. कोरड्या फ्यूजन ट्यूबमध्ये तो आधी वितळवा, मग पदार्थ टाका, आधी मंद आणि मग तांबडीलाल होईपर्यंत तापवा. सुरुवातीलाच जोराने तापवलं तर ॲनिलिनसारखा पदार्थ अभिक्रिया होण्याआधीच वाफ होऊन जातो आणि नायट्रोजन ‘नाही’ असा निष्कर्ष निघतो. लाल ट्यूब चिनी मातीच्या डिशमधल्या १०-१५ मिलिलिटर डिस्टिल्ड पाण्यात सोडा आणि लगेच वर जाळी धरा. गॉगल डोळ्यांवर हवाच. उकळून गाळल्यावर द्रव स्वच्छ, बिनरंगी हवा. पिवळट-तपकिरी असेल तर फ्यूजन अपुरं झालंय, पुन्हा करा. क्लोरोफॉर्म आणि कार्बन टेट्राक्लोराइड सोडियमबरोबर कधीच तापवायचे नाहीत, स्फोट होतो. उरलेला सोडियम बेसिनमध्ये टाकू नका, प्रयोगशाळा सहायकांकडे द्या.

नायट्रोजनला फेरस सल्फेट घालून उकळा, थंड करून विरल सल्फ्युरिक आम्ल, निळा रंग. गंधकाला सोडियम नायट्रोप्रुसाइड, जांभळा. दोन्ही असतील तर निळ्याऐवजी फेरिक आयनाने रक्तासारखा लाल येऊ शकतो. हॅलोजनसाठी सिल्व्हर नायट्रेट घालण्याआधी द्रव विरल नायट्रिकबरोबर उकळून घ्यायलाच हवा, नाहीतर सायनाइड किंवा सल्फाइडचा साका हॅलोजन म्हणून नोंदला जातो. हे उकळणं फ्यूम कपाटातच, कारण बाहेर पडणारे वायू विषारी असतात.

द्रवणांक घेताना पदार्थ पूर्ण वाळलेला हवा. ओलसर किंवा अशुद्ध पदार्थ कमी तापमानाला आणि लांबत वितळतो. अपेक्षित तापमानाच्या १५ अंश आधीपासून आच कमी करा, मिनिटाला दोन अंशांहून जास्त वाढू देऊ नका. पुनःस्फटिकीकरणात पाणी जास्त घालण्याचा मोह टाळा. बेन्झोइक आम्ल २५ अंशांना १०० मिलिलिटर पाण्यात सुमारे ०.३४ ग्रॅमच विरघळतं, उकळत्या पाण्यात पाच ग्रॅमहून जास्त. एक ग्रॅमला २५-३० मिलिलिटर उकळतं पाणी पुरे. २०० घातलंत तर थंड झाल्यावर बहुतेक आम्ल पाण्यातच राहतं आणि गाळणीवर हाती फारसं काही लागत नाही.

८. नाशिकच्या हवेचा हिशोब

डिसेंबर-जानेवारीत सकाळच्या बॅचला ग्लेशियल ॲसेटिक आम्लाची बाटली गोठलेली मिळते. ते १६.६ अंशांना गोठतं आणि इथला पारा रात्री त्याच्या बराच खाली जातो. बाटली कोमट पाण्यात ठेवा. बर्नरवर कधीही धरू नका. एप्रिलमध्ये उलट: ईथर ३४.६ अंशांना उकळतं, त्यामुळे दुपारी बाटली उघडताना आतला दाब जाणवतो. बूच सावकाश काढा, आणि आसपास एकही ज्योत नको. पावसाळ्यात सोडियम हायड्रॉक्साइडच्या गोळ्या तोलताना ओल्या होतात. वॉच ग्लासवर लवकर तोला, बाटली लगेच बंद करा आणि तो पदार्थ फिल्टर पेपरवर ठेवू नका, चिकटून बसतो.

९. जर्नल आणि व्हायवा

निरीक्षणं प्रयोग चालू असतानाच पेनाने लिहा; पेन्सिलीने लिहून घरी बदलू नका. टेबलावर सही घ्यायची आणि त्याच आठवड्यात जर्नल पूर्ण करायचं. शेवटच्या पंधरवड्यात सगळी बॅच एकाच सरांच्या मागे लागते आणि जर्नल सर्टिफाय नसेल तर परीक्षेला बसू देत नाहीत.

व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, नेहमी येणारे प्रश्न वर येऊन गेलेच आहेत: परमँगनेटला सल्फ्युरिकच का, फ्लास्क द्रावणाने का विसळायचा नाही, फिनॉल बायकार्बोनेटमध्ये का विरघळत नाही, मोहर सॉल्ट का तापवत नाहीत. प्रत्येकाचं उत्तर दोन वाक्यांत, कारणासह, मोठ्याने बोलून तयार करा. आपल्या त्या दिवशीच्या रीडिंगचं गणितही तोंडी सांगता आलं पाहिजे. एक्सटर्नल, म्हणजे बाहेरून आलेले परीक्षक, बहुधा जर्नल उघडून तिथूनच पहिला प्रश्न विचारतात.